गैरहजर मतदार आणि मानीव हजेरी : कागल परिसराच्या संदर्भात टपाली मतदानाचा इतिहास

१. विषयाची मर्यादा

निवडणुकांच्या इतिहासावर आपल्याकडे झालेले लेखन बहुतांशी पक्ष, पुढारी आणि निकाल यांच्याभोवती फिरते. मतदान केंद्रावर जो पोहोचला त्याचा हिशेब त्यात सापडतो. जो पोहोचू शकला नाही त्याचा सहसा सापडत नाही. वस्तुतः मतदानाच्या दिवशी आपल्या गावी नसलेला मतदार ही लोकशाहीपुढची जुनी अडचण आहे आणि ती सोडविण्यासाठी योजलेले उपाय पाहिले म्हणजे त्या त्या काळी राज्यसंस्था कोणाला आपला मानीत होती, हे फार स्पष्टपणे कळून येते. प्रस्तुत लेखात या उपायांचा, म्हणजे टपाली मतदान आणि त्याच्याशी संलग्न रीतींचा, इतिहास थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण भाषाशास्त्राचे असल्यामुळे या विषयाकडे पाहताना शब्दांचा आधार अधिक घेतला आहे. परंतु तो आधार शोभेसाठी नसून, कायद्याच्या आणि व्यवहाराच्या भाषेत या प्रश्नाचे मर्म दडलेले आहे म्हणून घेतला आहे.

उदाहरणासाठी कागल परिसर निवडण्याला दोन कारणे आहेत. कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बेंगळूरु महामार्गावर आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे धाडीत आला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेले बेळगाव याच रस्त्यावर पुढे आहे. दुसरे कारण असे की, हाच तालुका दर हिवाळ्यात परगावची माणसे आपल्याकडे बोलावितो. कागलचा शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा आणि हमीदवाड्याचा मंडलिक अशा साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बीड आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येथे उतरतात. गैरहजर मतदार बाहेर धाडणारा आणि गैरहजर मतदार आत घेणारा, असा हा दुहेरी प्रदेश आहे. या दोन गैरहजऱ्यांना कायद्याने दिलेली वागणूक सारखी नाही, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

२. 'हजर' या शब्दाचे गोत्र

मराठीतील हजर, हजेरी, हाजिर, हुजूर आणि महजर हे सर्व शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत आणि त्या धातूचा मूळ अर्थ 'समोर असणे' एवढाच आहे. 'हुजूर' म्हणजे मुळात सान्निध्य. ज्याच्या सान्निध्यात उभे राहावयाचे त्याला उद्देशून तो शब्द पुढे वापरात आला. 'महजर' हा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शब्द होय. मराठेशाहीत वतनाचा, सीमेचा किंवा मानपानाचा तंटा गोतसभेपुढे अथवा मजलिशीपुढे आला म्हणजे जो निवाडा होई, त्याच्या लेखाला महजर म्हणत. राजवाड्यांनी आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने असे लेख मोठ्या प्रमाणावर उजेडात आणले, डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील प्रबंधात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला.

महजराच्या रचनेत हजर असलेल्यांची नोंद हा निवाड्याइतकाच महत्त्वाचा भाग असतो. हजर असलेले अधिकारी, पाटील, कुळकर्णी, शेटे, बलुतेदार यांची नावे त्यात येतात. ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी आपल्या व्यवसायाची निशाणी काढावयाची अशी रीत होती. शेतकऱ्याने नांगर, व्यापाऱ्याने तराजू. म्हणजे निर्णयाचे बळ हे त्या ठिकाणी प्रत्यक्ष असलेल्या माणसांच्या साक्षीत होते. लेखाचे नावच मुळी 'उपस्थिती' या अर्थाचे असावे, यात त्या व्यवस्थेचे सगळे तत्त्व आले.

अर्थात ही मजलीस म्हणजे आजची निवडणूक नव्हे. तेथे मते मोजली जात नसत आणि सर्वांचा शब्द सारख्या वजनाचाही नसे. परंतु सार्वजनिक निर्णयात भाग घ्यावयाचा तर तेथे असले पाहिजे, ही कल्पना मात्र आपल्या समाजात फार खोलवर रुजलेली आहे. तिचा वारसा आजच्या ग्रामसभेत स्पष्ट दिसतो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते आणि ती भरते केवळ हजर असलेल्या मतदारांनी.

गैरहजराची सोय जुन्या व्यवस्थेत अगदीच नव्हती असे नाही. वतनदार स्वतः काम पाहत नसेल तर त्याचा मुतालिक ते पाही. कोर्टकचेरीत मुखत्यार उभा राही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'मुखत्यार' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'निवडलेला' असा आहे. आपण धान्य निवडतो तसे माणसे निवडण्याच्या क्रियेला आज निवडणूक म्हणतो. आणि गैरहजराने आपल्या जागी उभा केलेला माणूस तोही 'निवडलेला'च. प्रतिनिधित्वाची कल्पना दोन्ही ठिकाणी एकच आहे. परंतु मुतालिक आणि मुखत्यार ठेवणे हे ज्यांच्याजवळ वतन आणि मालमत्ता होती त्यांनाच परवडे. रयतेतील गैरहजर माणूस हा फक्त गैरहजरच राही.

३. शिपाई आहे, मत नाही

आधुनिक काळात गैरहजर मतदाराचा प्रश्न जगभर प्रथम युद्धाने उभा केला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी, उत्तरेकडील अनेक राज्यांनी रणभूमीवरील सैनिकांना तेथूनच मत देण्याची सोय करून दिली. इंग्लंडमध्ये १९१८ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने 'गैरहजर मतदारां'ची वेगळी यादी निर्माण केली. फ्रान्स-बेल्जियमसारख्या जवळच्या आघाडीवरील सैनिकाला टपालाने मतपत्रिका जाई. त्याहून दूरच्या आघाडीवर असणाऱ्यास बदली माणूस नेमून मत देता येई. त्या वर्षी मतदान १४ डिसेंबरला झाले, पण सैनिकांच्या मतपत्रिका पोहोचाव्यात म्हणून मोजणी २८ डिसेंबरपर्यंत लांबणीवर टाकण्यात आली. एका दिवसात आटपणाऱ्या निवडणुकीला टपालाच्या गतीने चालावयास लावणारी ही घटना होती.

त्याच महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. ११० वी मराठा पलटण कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली आणि १९१६ साली तेथील शरणागतीनंतर तिच्या शिपायांना बंदिवास भोगावा लागला. राजर्षी शाहू महाराजांनी या युद्धात सैन्यभरतीला मोठे साहाय्य केले होते. महाराज स्वतः कागलचे. तेथील घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. कागल ही कोल्हापूरच्या अंकित असलेली, थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन जहागिरींत विभागलेली जागा होती.

आता या दोन शिपायांची तुलना करावी. एकाच आघाडीवर उभ्या असलेल्या इंग्रज शिपायाला १९१८ साली आपल्या गावच्या निवडणुकीत मत देण्याची कायदेशीर वाट मिळाली होती. त्याच्या शेजारच्या मराठा शिपायाला ती नव्हती. ब्रिटिश मुलखातील प्रांतांत १९१९ च्या सुधारणा कायद्याने आणि पुढे १९३५ च्या कायद्याने निवृत्त किंवा नाव कमी झालेल्या सैनिकाला मताधिकाराची एक पात्रता म्हणून मान्यता दिली. म्हणजे नोकरी संपवून घरी परतल्यावर त्याची सेवा मताच्या रूपाने फळास येई. पण कागल हे संस्थानी मुलखात होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा येथील माजी सैनिकाला त्या पात्रतेचा काहीच उपयोग नव्हता. त्याच्या बाबतीत तो हजर आहे की गैरहजर, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. कोल्हापूर प्रजा परिषदेची १९३९ मधील स्थापना आणि जबाबदार राज्यपद्धतीसाठी माधवराव बागल प्रभृतींनी केलेली चळवळ यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक चांगले कळते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाच्या राजाराम रायफल्सचे शिपाईही भारतीय सैन्यात, मराठा लाइट इन्फंट्रीत, दाखल झाले. आता ते कोणत्याही आघाडीवर जाऊ शकत होते. आणि नव्या संविधानानुसार ते मतदारही होते. गैरहजर मतदाराचा प्रश्न कागलला या क्षणी प्रथम प्राप्त झाला.

४. 'मानण्यात येईल' : एका क्रियापदाचा पराक्रम

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदारयादीत नाव येण्यासाठी 'सर्वसाधारणपणे रहिवासी' असण्याची अट घातली. केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तेथील रहिवासी ठरत नाही, असेही त्याच विसाव्या कलमात सांगितले. ही अट अक्षरशः लावली असती तर सैनिकाचे नाव त्याच्या गावातून उडाले असते. कारण तो राहतो छावणीत. कायद्याने येथे एक युक्ती योजिली. सेवेत नसता तर जो ज्या मतदारसंघात राहिला असता, त्या मतदारसंघाचा तो रहिवासी आहे असे 'मानण्यात येईल', अशी तरतूद केली. संघराज्याची सशस्त्र दले, सैन्याचा कायदा ज्यांना लागू केला आहे अशी दले, आपल्या राज्याबाहेर सेवा करणारे राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशी नेमणुकीवर असलेले भारत सरकारचे कर्मचारी अशा चौघांना ही सेवा-अर्हता लाभली.

'मानणे' या क्रियापदापासून मराठी कायदेभाषेने 'मानीव' असे विशेषण घडविले आहे. वस्तुस्थितीत नसलेली गोष्ट कायद्यापुरती आहे असे धरणे, हा त्याचा अर्थ. सैनिकाची गावातील हजेरी ही अशी मानीव हजेरी होय. कायद्याने सैनिकाला 'तू गैरहजर असूनही मत दे' असे म्हटलेले नाही. 'तू हजरच आहेस' असे म्हटले आहे. महजराच्या काळापासून चालत आलेले उपस्थितीचे तत्त्व येथे मोडलेले नसून, एका क्रियापदाच्या बळावर ते लांबविले आहे.

नाव यादीत राखल्यावर मत पोहोचविण्याचे साधन लागते. ते १९५१ च्या कायद्याच्या साठाव्या कलमाने दिले. सेवा-अर्हता असलेले मतदार, राष्ट्रपती-राज्यपालांसारखे विशेष पदाधिकारी आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेले लोक यांना या कलमाने टपालाची वाट मोकळी केली. निवडणुकीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांची सोय नियमांनी केली. उलट, बासष्टाव्या कलमाने तुरुंगातील कैद्यांना, मग ते शिक्षा झालेले असोत वा नसोत, मतदानापासून दूर ठेवले. ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ग्राह्य धरली. यातून एक विलक्षण भेद निर्माण झाला आहे. खटला न चालविता स्थानबद्ध केलेल्या माणसाला टपालाने मत देता येते; खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याला ते देता येत नाही.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे आणि मतदाराने मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची असे. निरक्षर मतदारासाठी ही रीत सोयीची होती. पण पेटी टपालाने धाडता येत नाही. म्हणून मतपत्रिकेवर खूण करून मत देण्याची जी पद्धत पुढे १९६२ च्या निवडणुकीत सर्वसामान्य मतदाराकडे आली, तिच्याविना टपाली मतदाराचे पहिल्यापासूनच चालण्यासारखे नव्हते.

५. लखोट्यात लखोटा

निवडणूक संचालन नियम १९६१ यांनी टपाली मतदानाची रीत तपशिलाने ठरविली आणि तिचा सांगाडा अजून तोच आहे. मतदाराने मतपत्रिकेवर खूण करावयाची; ती 'नमुना १३-ब' या आतील लिफाफ्यात घालून बंद करावयाची; 'नमुना १३-अ' या घोषणापत्रावर अधिकाऱ्यासमोर सही करून ती साक्षांकित करून घ्यावयाची; आणि आतील लिफाफा व घोषणापत्र दोन्ही 'नमुना १३-क' या बाहेरील लिफाफ्यात घालून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे धाडावयाची. मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेपूर्वी पोहोचलेला लिफाफाच विचारात घेतला जातो. मोजणीच्या वेळी प्रथम घोषणापत्र तपासतात. ते नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, तर आतील लिफाफा उघडीतच नाहीत.

जुन्या मराठीत लाखेची मोहर केलेल्या पत्राला लखोटा म्हणत. लखोट्यात लखोटा घालण्याच्या या रीतीत दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घातलेला आहे. हे मत खऱ्या मतदाराचेच आहे, याची खात्री हवी. आणि ते कोणाला दिले हे मात्र कोणास कळता कामा नये. मतदान केंद्रावर पहिले काम ओळख पटविणारा अधिकारी करतो आणि दुसरे आडोसा करतो. टपालात अधिकाऱ्याचे काम घोषणापत्र करते आणि आडोशाचे काम आतील लखोटा. महजरावरील निशाणी आणि मतपेटीतील गुप्तता या दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात आणणारी ही योजना आहे.

तिचा दुबळेपणा काळाच्या हिशेबात होता. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही. आणि त्या दिवसापासून मतदानापर्यंतचे किमान अंतर पूर्वी २० दिवसांचे होते, ते १९९६ साली १४ दिवसांवर आणले गेले. कागलच्या घरातून पत्त्यावर '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढेच लिहून पत्र टाकतात आणि ते सैनिकी टपालाच्या वाटेने पलटणीपर्यंत जाते. त्याच वाटेने मतपत्रिकेने लडाख किंवा अरुणाचलापर्यंत जावयाचे, खूण होऊन परत यावयाचे आणि मोजणीपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यात पोहोचावयाचे. निवडणुकीचा काळ आटोपशीर करण्यासाठी केलेल्या सुधारणेने सर्वांत दूरच्या मतदाराची वाट अधिकच अरुंद झाली.

यावर दोन उपाय झाले. २००३ च्या दुरुस्तीने सशस्त्र दलांतील मतदाराला बदली मतदार, म्हणजे प्रॉक्सी, नेमण्याची मुभा दिली. नेमलेला माणूस त्याच मतदारसंघाचा रहिवासी असावा लागतो आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहते. जुना मुखत्यार अशा रीतीने निवडणुकीच्या कायद्यात पुन्हा अवतरला. मात्र या वेळी तो वतनदारासाठी नसून शिपायासाठी होता. दुसरा उपाय २०१६ चा. मतपत्रिका सैनिकाकडे विद्युत् मार्गाने पाठवावी, त्याने ती छापून घ्यावी, खूण करावी आणि टपालाने परत पाठवावी, अशी व्यवस्था करण्यात आली. पुदुच्चेरीतील नेल्लितोपे पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. जाण्याचा प्रवास यामुळे संपला; येण्याचा तेवढा राहिला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे १८ लाख सेवा मतदार नोंदलेले होते, यावरून या सुधारणेची व्याप्ती कळेल.

६. यादीतील नावे आणि नात्यांची भाषा

पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होत असताना देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढीच नोंद केली होती. नाव नाही म्हणून मत नाही, असा तो निर्णय होता. निवडणूक आयोगाने तो घेतला नसता तर नात्याच्या नावाने मतदार होण्याची रीत कायम झाली असती.

परंतु खुद्द कायद्यानेच दुसऱ्या बाजूला नात्याची नोंद राखली होती. सेवा मतदाराबरोबर राहणाऱ्या त्याच्या 'पत्नी'ला विसाव्या कलमाने त्याच्याच मतदारसंघाची मानीव रहिवासी ठरविले. सैनिक हा पुरुषच असणार, या गृहीतकावर ही शब्दयोजना उभी होती. पुढे स्त्रिया सैन्यात अधिकारी झाल्या, तेव्हा त्यांच्या पतीला हा हक्क मिळेना. कारण 'पत्नी' या शब्दात पती बसत नाही. ही अडचण दूर होण्यास २०२१ सालचा दुरुस्ती कायदा यावा लागला. त्याने 'पत्नी'च्या जागी पती व पत्नी दोघांनाही लागू पडेल असा शब्द घातला. एका नामाच्या लिंगामुळे मताधिकार अडून राहावा, याचे याहून चांगले उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला सापडणे कठीण.

७. टपाली मताचे वजन आणि त्याचा विस्तार

टपाली मते थोडी असतात म्हणून ती निकालावर परिणाम करीत नाहीत, हा समज टिकणारा नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर यांना रवींद्र वायकर यांच्यापेक्षा एक मत अधिक होते. टपाली मते वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मिळाली. आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. गुजरातेत २०१७ साली धोळका मतदारसंघाचा निकाल ३२७ मतांनी लागला होता आणि तेथे ४२९ टपाली मते बाद ठरविण्यात आली होती. उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती निवडणूक रद्द केली. त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. घोषणापत्रावरील एक सही राहून जाणे ही किरकोळ चूक नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून विद्यार्थ्यांच्या ध्यानात यावे.

दरम्यान टपाली मतदाराची व्याख्याही रुंदावली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ८० वर्षांवरील वृद्ध आणि दिव्यांग मतदारांचा 'अनुपस्थित मतदार' म्हणून नियमांत समावेश झाला. मार्च २०२४ मध्ये ही वयोमर्यादा ८५ करण्यात आली. अशा मतदाराने 'नमुना १२-ड' भरून दिला की मतदान पथक त्याच्या घरी जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय प्रथमच सबंध देशात उपलब्ध झाली. येथे 'टपाली' हा शब्द नावापुरताच उरतो. टपाल कोठेच नसते. गावातच, स्वतःच्या घरात असलेल्या माणसाला कायदा 'अनुपस्थित' म्हणतो आणि शेकडो कोस दूर असलेल्या शिपायाला रहिवासी मानतो, हा शब्दांचा उलटापालट मोठा बोलका आहे.

हिमाचलातील कल्पा येथील श्याम शरण नेगी यांनी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी स्वतंत्र भारतातील पहिल्या मतदारांत आपले मत नोंदविले होते. त्यांनी २ नोव्हेंबर २०२२ रोजी आपले अखेरचे मत घरी बसून टपाली मतपत्रिकेने दिले आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. मतदाराने केंद्रापर्यंत चालत जावे येथपासून केंद्राने मतदाराच्या दारी यावे येथवरचा ७१ वर्षांचा इतिहास एका आयुष्यात सामावला.

८. ज्यांची हजेरी मानली गेली नाही

आता कागलच्या दुसऱ्या गैरहजराकडे वळू. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास गाव सोडते. टोळीत माणसे मोजण्याचे माप 'कोयता' हे आहे आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. १९५० च्या कायद्याने सैनिकाच्या पत्नीला त्याच्या नावाने ओळखले. उसाच्या फडात मजुराची पत्नी अवजाराच्या नावात मावते. हा तुलनेचा मुद्दा सोडला तरी मूळ प्रश्न उरतोच. ही माणसे चार-पाच महिने आपल्या मतदारसंघाबाहेर असतात.

कायद्याने त्यांचे नाव यादीतून काढलेले नाही. तात्पुरता बाहेर गेलेला माणूस त्या कारणाने रहिवासी असण्याचे थांबत नाही, असे विसाव्या कलमातच म्हटले आहे. म्हणजे मानीव हजेरी त्यालाही आहे. परंतु साठाव्या कलमाने दिलेली टपालाची वाट त्याला नाही. सैनिकाला नाव आणि साधन दोन्ही मिळाले. ऊसतोड मजुराला नाव मिळाले, साधन नाही. २०१४ आणि २०१९ च्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबरात, हंगामाच्या तोंडावर झाल्या. २०२४ ची निवडणूक मात्र २० नोव्हेंबरला, हंगामाच्या दिवसांत आली. कागलच्या फडातून बीडच्या एखाद्या गावी जाऊन परत येणे म्हणजे वाटखर्च आणि बुडालेली मजुरी. हा दंड भरून जो मत देईल त्याचाच हक्क खरा, अशी व्यवहारात स्थिती होते.

हा प्रश्न केवळ टोळ्यांचा नाही. परदेशस्थ भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीने यादीत नाव घालता येऊ लागले, पण मत देण्यासाठी स्वतः यावे लागते. त्यांना बदली मतदार देणारे विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर होऊनही पुढे २०१९ मध्ये व्यपगत झाले. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे ते यंत्र होते. परंतु राजकीय पक्षांत त्यावर एकमत झाले नाही. आक्षेप अगदीच निराधार नव्हते. परगावी मतदान करणाऱ्यावर मालकाचा किंवा मुकादमाचा दाब येणार नाही, उमेदवारांचे प्रतिनिधी तेथे कसे असतील, आचारसंहिता कोठे लागू होईल, हे प्रश्न खरे आहेत. सैनिकाच्या बाबतीतही अधिकाऱ्यासमोर साक्षांकन होते, तरी लखोट्यात लखोटा घालून गुप्ततेची वाट काढण्यात आली. म्हणून अडचण आहे एवढ्यावर थांबणे हे उत्तर होऊ शकत नाही.

आणखी एक पायरी खाली उतरले की सैनिकाचीही स्थिती बदलते. १९५१ चा कायदा आणि १९६१ चे नियम संसद व राज्य विधिमंडळ यांच्या निवडणुकांसाठी आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडणुका ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत आणि त्या राज्याच्या कायद्यांनुसार चालतात. विधानसभेची मतदारयादीच तेथे वापरली जाते. परंतु यादीबरोबर टपालाचा हक्क आपोआप खाली उतरत नाही. दिल्लीचे सरकार निवडताना ज्याची हजेरी मानली जाते, त्याला आपल्या गावच्या पाणंदीचा आणि पाण्याच्या टाकीचा निर्णय घेणारी पंचायत निवडताना त्याच हक्कावर विसंबता येत नाही. स्थानिक सत्ता जितकी जवळची, तितकी तिची उपस्थितीची अट कडक, असे दिसते. मजलिशीचा वारसा येथे अजून जागा आहे.

९. समारोप

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. भारतीय निवडणूक कायद्याने उपस्थितीचे तत्त्व कधी सोडले नाही. काही विशिष्ट गैरहजरांना हजर मानून त्याने ते सांभाळले. ही मान्यता प्रथम राज्यसंस्थेच्या कामासाठी दूर गेलेल्यांना मिळाली. पुढे शरीराच्या असमर्थतेमुळे केंद्रावर न पोहोचणाऱ्यांना मिळाली. पोटासाठी दूर गेलेल्याला ती साधनासह अद्याप मिळालेली नाही. हा क्रम अटळ नव्हता. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एखाद्या शब्दाची व्याप्ती वाढविली म्हणून कायदा बदलला. 'पत्नी'च्या जागी उभयलिंगी शब्द आला. 'अनुपस्थित' या शब्दात वृद्ध आणि दिव्यांग आले. त्या शब्दात स्थलांतरित मजुराला जागा करावयाची की नाही, हा आता उरलेला प्रश्न आहे.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना येथे बरेच काम करण्यासारखे आहे. मतदारयादीच्या अखेरच्या भागात सेवा मतदारांची नावे स्वतंत्रपणे छापली जातात. गावोगावच्या अशा जुन्या याद्या लावून पाहिल्या तर कोणत्या गावाने कोणत्या काळात किती माणसे बाहेर धाडली, याचा एक विश्वसनीय आलेख तयार होईल. त्याच्या जोडीला टोळ्यांच्या मुकादमांकडील हिशेबाच्या वह्या ठेवल्या, तर त्याच तालुक्यात आलेल्या गैरहजरांचाही हिशेब लागेल. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक कागलचा इतिहास लिहितानाच, भारतीय नागरिकत्वात गावाचे आणि वाटेचे स्थान काय, या प्रश्नालाही हात घालील.